दारातल्या झाडाचं पान काय सांगतं?

(प्रसारित भाषणाचा मजकूर)



आजचा विषय शेतातला नाही, दारातला आहे. तुळस, कढीलिंब, परसातलं कागदी लिंबू, देवाच्या फुलांसाठी लावलेली जास्वंद, तेलाच्या डब्यातली कोरफड, ओसरीवर चढवलेला मनीप्लांट. ही झाडं कोणाच्या सातबाऱ्यावर नसतात. त्यांचं पान पिवळं पडलं म्हणून बाजारात कोणाचा तोटा होत नाही. त्यामुळं त्यांच्याकडे लक्ष जातं ते उशिरा, आणि एकदा गेलं की उपाय होतो घाईनं. कापसावर नाहीतर तुरीवर मारून उरलेलं औषध घरात असतंच. पंपाच्या तळाला राहिलेलं लिटरभर पाणी जास्वंदीवर मारायचं, दोन हात पुढं कढीलिंब उभा असतो, त्याच्यावरही थोडं मारायचं, झालं काम. आणि त्याच संध्याकाळी त्या कढीलिंबाची पानं आमटीच्या फोडणीत पडतात.

हे थांबावं म्हणून आज बोलतो आहे. शेतात फवारलेलं पीक निदान काही दिवसांनी घरात येतं. दारातल्या तुळशीचं पान मूल खेळता खेळता तोडून तोंडात टाकतं. शिवाय हल्लीची बरीच औषधं आंतरप्रवाही असतात. म्हणजे ती पानावर नुसती बसत नाहीत, पानाच्या रसात उतरतात. अशी पानं कितीही धुतली तरी आतलं विष निघत नाही. मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावर वापर करायला आपल्या देशात २००५ सालीच बंदी झाली, ती याच काळजीनं. मग जे भाजीवर चालत नाही ते तुळशीवर कसं चालेल? २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. ती माणसं उघड्या रानात काम करत होती. आपलं अंगण तर चार भिंतींच्या आत, तिथं लेकरं, पाण्याची घागर, कोंबड्या सगळंच जवळ.

तेव्हा दारातल्या झाडाला औषध मारण्याआधी पान नीट बघायला शिकू या. पुष्कळदा त्याला औषध लागतच नाही. रोग पानात दिसतो, पण कारण मुळाशी, मातीत किंवा आपल्या तांब्यात असतं.

पहिली गोष्ट बघायची ती अशी. पिवळं पडलंय ते पान कोणतं? खालचं जुनं, की शेंड्याचं कोवळं? एवढ्या एका प्रश्नानं निम्मं काम होतं. झाडाला नत्र, पालाश किंवा मॅग्नेशियम कमी पडलं तर ते जुन्या पानातला साठा काढून नव्या फुटीला देतं. घरात धान्य कमी असलं की मोठी माणसं पोटाला चिमटा घेतात आणि लेकरांना जेवू घालतात, तसंच. म्हणून अशा वेळी खालची पानं आधी पिवळी होतात. लोहाचं तसं नाही. एका पानात बसलेलं लोह सहसा दुसरीकडे हलत नाही. ते कमी पडलं की नवं पान जन्मतःच पिवळं येतं आणि खालची जुनी पानं हिरवीगार राहतात.

आता खालच्या पानांबद्दल सांगतो. सगळं पान सारखं फिकट, वाढ खुंटलेली, काडी बारीक, असं असेल तर नत्र कमी आहे. कुंडीतल्या मातीचा जीव केवढासा! दोन-तीन वर्षं तीच माती, तिच्यातलं अन्न कधीच संपलेलं असतं. अशा झाडाला वरची तीन-चार बोटं माती उकरून काढा आणि तिथं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत भरा. युरिया देण्याचा मोह होतो, कारण पोतं घरातच असतं. पण शेतात मुठीनं युरिया टाकायची सवय झालेला हात कुंडीवर फिरला तर झाड दोन दिवसांत करपतं. द्यायचाच असेल तर पाच लिटर पाण्यात एक लहान चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, आणि तोही माती आधी ओली करून. पानाची कड जळल्यासारखी तपकिरी होत असेल आणि तेही जुन्या पानावर, तर पालाश कमी असू शकतो. चुलीची राख लोक टाकतात, तिच्यात पालाश असतो हे खरं. पण राख अल्कधर्मी असते. काळ्या चुनखडीच्या जमिनीत ती बेतानंच वापरलेली बरी. आणि एखाद-दुसरं तळाचं पान पिवळं होऊन गळत असेल तर काहीच करू नका. ते पान म्हातारं झालं, एवढंच. चाफ्याची पानं थंडीत गळतात तेव्हा आपण डॉक्टर बोलावत नाही.

शेंड्याकडची पानं पिवळी, पण शिरा मात्र हिरव्या, जणू पिवळ्या कापडावर हिरव्या धाग्यानं जाळी काढली आहे, असं लिंबावर, मोगऱ्यावर, जास्वंदीवर दिसतं. ही लोहाची कमतरता. उसावर केवडा पडला असं आपण म्हणतो, तोच हा प्रकार. गंमत अशी की आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनीत लोह भरपूर असतं. पण चुन्यामुळं ते अडकून पडतं, मुळांना उचलता येत नाही. कोकणातल्या तांबड्या आम्ल मातीत ही तक्रार सहसा येत नाही. घाटावर मात्र नेहमीची, आणि त्यातही भिंतीलगतच्या झाडांना जास्त. कारण सोपं आहे. घर बांधताना उरलेला सिमेंटचा राडारोडा तिथंच पुरलेला असतो, दिवाळीला भिंतीला चुना लावला की तो पावसानं उतरून झाडाच्या बुडाशी जातो. झाड लावतानाच भिंतीपासून चार हात सोडा आणि खड्ड्यातला राडारोडा काढून टाका.

कुणी तरी सांगतं म्हणून बुडाशी गंजके खिळे पुरतात. त्याचा उपयोग होत नाही. गंज पाण्यात विरघळत नाही, आणि जमिनीत आधीच पडून असलेल्या लोहात आणखी थोडी भर पडते, एवढंच. उपाय हिराकसीचा. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवा, अडीच ग्रॅम चुना वेगळा भिजवून गाळून त्यात मिसळा आणि सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर नव्या पालवीवर फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा फवारा. एकदम जास्त घेऊ नका, कोवळी पानं भाजतात. जमिनीत द्यायची असेल तर हिराकस नुसती टाकू नये, चुन्यानं ती लगेच अडकते. शेणखतात कालवून द्यावी. एक लक्षात ठेवा. जे पान आज पिवळं आहे ते बहुधा तितकं हिरवं होणार नाही. पुढची फूट कशी येते यावर गुण आला की नाही ते ठरवायचं.

मात्र हे सगळं करण्याआधी मातीत बोट घाला. मी तर म्हणेन, दारातल्या झाडांचं सर्वांत मोठं दुखणं पाणी हे आहे, आणि तेही कमी नव्हे, जास्त. दोन पेरं बोट आत घालून बघा. माती ओलीचिंब आणि तरीही पानं मलूल, पिवळी, खाली लोंबलेली, अशी स्थिती असेल तर झाड तहानलेलं नाही, गुदमरलेलं आहे. मुळांनाही हवा लागते. पाण्यानं मातीतली हवा हुसकली की मुळं कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून पान सुकतं. आपण सुकलेलं पान बघून आणखी एक तांब्या ओततो. असं करत झाड मरतं.

तुळशीचं तर हे नेहमीचंच. वृंदावनात माती थोडी, खाली बहुतेक पक्का चौथरा, पाणी निघायला वाट नाही. घरातली सगळी माणसं अंघोळ करून एक एक तांब्या घालणार. उन्हाळ्यात ते खपून जातं. आषाढ-श्रावणात वरून पाऊस आणि खालून तांबे, मग तुळस काळवंडते आणि पानं झडतात. पावसाळ्यात पळीभर पाणी घातलं तरी पूजा होते. वृंदावनाच्या बुडाशी बाजूला एक भोक पाडून घेतलं तर वर्षानुवर्षांचा प्रश्न मिटेल. दिव्याची ज्योत फांदीपासून लांब ठेवा, एका बाजूचीच पानं करपत असतील तर कारण बहुधा तेच असतं. आणि मंजिऱ्या येतील तशा खुडत चला. बी धरलं की तुळस पानांकडे लक्ष देत नाही.

डब्यात, रंगाच्या बादलीत, फुटक्या माठात लावलेल्या झाडांना तळाला भोक आहे का ते आधी बघा. नसेल तर बोटाएवढी तीन-चार भोकं पाडा. झाड मलूल झालंच असेल तर मातीसकट बाहेर काढा. पांढरी, टणक मुळं चांगली. तपकिरी, चिकट, बोटानं ओढलं की साल सुटणारी आणि वास मारणारी मुळं कापून टाका. माती, जाड वाळू आणि कुजलेलं खत सारखं सारखं घेऊन, भोकावर खापराचे तुकडे ठेवून, झाड पुन्हा लावा. वरच्या फांद्याही थोड्या छाटा, कारण मुळं कमी झाली तर पाल्याचा बोजाही कमी हवा. आठ-दहा दिवस सावलीत ठेवा आणि माती वरून कोरडी झाल्याशिवाय पाणी देऊ नका. कोरफडीचं पान मऊ, पाणचट झालं तर तेच कारण समजा. तिला तर पाण्यापेक्षा विसरून जाणारा मालक मानवतो.

पाणी कुठलं देता हेही महत्त्वाचं. मोरीचं पाणी अळवाला आणि केळीला सोडायची आपली जुनी पद्धत आहे, आणि ती चांगली आहे. पण पूर्वीचं मोरीचं पाणी म्हणजे भांडी घासलेली राख आणि अंघोळीचं पाणी. आता त्यात कपड्यांची पावडर आणि सोडा येतो. त्यातला सोडियम जमिनीत साठतो, माती चिकट होते आणि पानांची टोकं जळतात. कपडे खळबळल्याचं शेवटचं पाणी जमिनीतल्या मोठ्या झाडाला चालेल. पावडरीचं पहिलं पाणी नको, आणि कुंडीला तर कोणतंच नको. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणीच खारं. तिथं कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि पान टोकाकडून तपकिरी होत मागं येतं. अशा कुंडीत पागोळीचं पावसाचं पाणी सावकाश, खालून भरपूर वाहून जाईपर्यंत ओता. तासाभरानं पुन्हा ओता. क्षार धुऊन जातात. थोडं थोडं पाणी रोज घालण्यापेक्षा चार दिवसांनी भरपूर घातलेलं बरं, खारं पाणी असेल तर विशेषच.

आता किडींकडे येऊ. पान उलटं करून बघायची सवय लावा. बहुतेक किडी पानाच्या पाठीमागं राहतात आणि आपण बघतो समोरून.

जास्वंदीचा शेंडा आखडला, पानं चुरगळली आणि बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. खालच्या पानांवर चिकट गोड पाणी पडतं, त्यावर काळी बुरशी वाढते आणि मुंग्यांची रांग लागते. मुंग्या त्या गोड पाण्यासाठी ढेकणांची राखण करतात. हा ढेकूण कापूसवाल्यांनी हलक्यानं घेऊ नये. २००५ नंतरच्या काही वर्षांत पंजाब, गुजरात आणि आपल्याकडेही कापसावर ज्या पिठ्या ढेकणानं धुमाकूळ घातला, तो जास्वंदीवर आणि गाजरगवतावरही राहतो. शेतात कापूस नसतो तेव्हा तो अशाच ठिकाणी दिवस काढतो. म्हणून दारातली जास्वंद आणि बांधावरचं गाजरगवत दोन्ही साफ ठेवा. आखडलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवा, उकिरड्यावर फेकू नका. उरलेले ढेकूण साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसून काढा, मग पाण्याचा जोरदार फवारा मारा. बुंध्याला चिंधी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावलं की मुंग्यांची वाट बंद. आणि एक सांगायचं राहिलं. कापसावरच्या त्या ढेकणाचा जोर ओसरायला मोठी मदत केली ती डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या एका परोपजीवी माशीनं. ती ढेकणाच्या अंगात अंडी घालते. जहाल औषध मारलं की ढेकूण मेणाच्या आवरणाखाली वाचतो आणि माशी आधी मरते.

लिंबाच्या कोवळ्या पानावर चंदेरी, वेडीवाकडी रेघ दिसते, सापोळी फिरल्यासारखी. ती नागअळी. पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहून ती खात जाते. मोठ्या झाडाला तिनं फारसं बिघडत नाही, लहान रोपाची तेवढी पानं खुडून टाका. लिंबाची आणि कढीलिंबाची पानं कडेपासून खाल्लेली दिसली तर फांदीवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही आहे का बघा. ती फुलपाखराची लहान अळी असते. मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचलं की डोक्यामागून लालसर दोन शिंगं काढून उग्र वास सोडते. घाबरू नका, ती चावत नाही. हातानं वेचा. एका झाडावर पाच-दहा अळ्या असणार, त्यासाठी पंप कशाला?

लिंबाच्या पानावर खरखरीत, उंचवट्याचे तपकिरी ठिपके आणि भोवती पिवळं कडं, असं असेल तर तो खैऱ्या. हा जिवाणूचा रोग, पावसाच्या थेंबांबरोबर पसरतो, आणि नागअळीनं केलेल्या जखमेतून आत शिरतो. कागदी लिंबाला तो फार लवकर होतो. पावसाळ्याआधी रोगट काड्या छाटून जाळा आणि एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा. घरच्या एका झाडासाठी १० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्या. मिश्रणात लोखंडी पातं बुडवून बघा, त्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घाला. हे मिश्रण त्याच दिवशी वापरायचं. शेजारी तुळस-कढीलिंब असेल तर त्यावर आधी गोणपाट झाका.

उन्हाळ्यात मोगऱ्याची किंवा तुळशीची पानं धुरकट दिसतात, सुईनं टोचल्यासारखे बारीक फिकट ठिपके पडतात. पांढऱ्या कागदावर फांदी झटका. ठिपके चालू लागले तर ते कोळी. त्यांना कोरडी धूळ आवडते. दोन-तीन दिवसांआड पानांच्या पाठीवर पाण्याचा फवारा मारला की बहुतेक वेळा भागतं.

एवढं करूनही कीड हटली नाही तर निंबोळीचा अर्क करा. उन्हाळ्यात वेचून वाळवलेल्या निंबोळ्या घरात असतील तर ५० ग्रॅम कुटून फडक्यात बांधा, रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी पिळून काढा, एक लिटर पाणी करा आणि त्यात चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवा. संध्याकाळी पानाच्या दोन्ही बाजूंनी फवारा, उन्हात नको. अर्क ताजाच वापरा. तुळस, कढीलिंब यांवर मारला तर आठवडाभर पानं तोडू नका, नंतर धुऊन घ्या. तोवर फोडणीला शेजारणीकडून दोन काड्या आणा. आणि अर्क फवारायला शेतातला पंप घेऊ नका. तो कितीही विसळला तरी नळीत औषध राहतं. साधी दाबाची बाटली वेगळी ठेवा आणि तिच्यावर खूण करा.

पान बघून उलगडा होत नसेल तर नमुना घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा. नुसतं एक वाळलेलं पान खिशात घालून नेलं तर कोणालाच काही सांगता येत नाही. जुनी आणि कोवळी पानं दोन्ही असलेली वीतभर फांदी सकाळी तोडा, वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत पान घामेजून सडतं. सोबत मुळाजवळची मूठभर माती वेगळ्या कागदात घ्या. पाणी विहिरीचं की नळाचं, शेवटचं खत काय दिलं, कोणतं औषध मारलं, हे चिठ्ठीवर लिहा. आणि मारलं असेल तर औषधाच्या बाटलीवरचं नाव नीट उतरवून न्या.